दारूखान्यापासून तागडीपर्यंत

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात करवीर दरबारी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले म्हणून जे 'आज्ञापत्र' महाराष्ट्राला परिचित आहे, त्याच्या दुर्गप्रकरणात तट, बुरूज, चौक्या, पाण्याची टाकी आणि झाडझाडोरा यांच्या बंदोबस्ताबरोबर दारूखान्याविषयीही एक लहानसा, परंतु विलक्षण नेमका मजकूर आलेला आहे. दारूखाना राहत्या घराजवळ अथवा घराच्या वाऱ्याखाली असू नये. सदरेपासून अंतर राखून, भोवती आडोसा घालून, तळघर करून तो बांधावा. दारूची मडकी भुईवर न ठेवता माचावर ठेवावी. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढवावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस जागता असावा आणि परवानगीवाचून कोणास आसपास येऊ देऊ नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. दारूचे दोन शत्रू, आग आणि ओल, यांचा इतक्या थोड्या शब्दांत इतका पुरा बंदोबस्त क्वचितच कोठे झाला असेल.

हा मजकूर पुन्हा वाचू लागले म्हणजे मात्र एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. दारू कोठे ठेवावी, कशी ठेवावी, कोणी राखावी याचा इतका तपशील देणाऱ्या या मजकुरात ती बंदुकीत किती घालावी याविषयी अवाक्षर नाही. हा कसूर नव्हे. त्या काळी जी दारू प्रचारात होती तिचा स्वभावच असा होता की तिची भीती बंदुकीबाहेर फार आणि बंदुकीत त्या मानाने थोडी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी नवी दारू आली तिचा स्वभाव नेमका उलट निघाला. आणि रायफलीची काडतुसे स्वहस्ते भरण्याच्या ज्या छंदाने अमेरिकेत मूळ धरले त्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी जुन्या दारूवर पोसलेल्या हातांनी नव्या दारूची शिस्त कशी अंगी बाणवली याचाच इतिहास आहे.

सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा आणि गंधक दहा, या प्रमाणात कुटून दाणेदार केलेली काळी दारू ठिणगीला आसुसलेली असते. लोखंडावर लोखंड घासून उडालेली कणभर ठिणगीही तिला पुरते, म्हणून दारूच्या कारखान्यांतून लाकडी आणि तांब्यापितळेच्या हत्यारांचा शिरस्ता पडला. परंतु तीच दारू नळीत भरून पेटविली असता तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा धूर आणि काजळी होते, उरलेल्याचा वायू होतो, आणि चिमूटभर दारू अधिक पडली तर गोळीचा वेग थोडा वाढतो, खांद्याला धक्का थोडा जास्त बसतो, व बहुधा तेवढ्यावरच निभावते. ही दारू निरुपद्रवी होती असे मात्र कोणी समजू नये. गोळी दारूवर नीट न टेकता मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटे, आणि म्हणूनच गजाने ठासून गोळी दारूशी भिडविण्यावर जुने बंदूकधारी इतका कटाक्ष ठेवीत. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. बार भरताना ते दारू मापाने घेतात, तोलून नव्हे, आणि काळ्या दारूपुरती ती रीत योग्यच आहे.

पितळी काडतूस प्रचारात आले तेव्हा हीच मापाची सवय त्याच्याबरोबर आली. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी काडतुसाच्या बुडातील टोपीची दोन निरनिराळी रूपे सिद्ध केली: अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आणि इंग्लंडात एडवर्ड बॉक्सर यांनी. गंमत अशी झाली की अमेरिकनाची टोपी युरोपने उचलली आणि इंग्रजाची टोपी अमेरिकेने. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे आतून एक सरळ सळई घालून ठोकली की जळालेली टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पद्धतीत कडेला दोन बारीक छिद्रे असतात आणि तेथे सळईचा उपाय चालत नाही. एका छिद्राच्या आणि दोन छिद्रांच्या या क्षुल्लक दिसणाऱ्या फरकाने अमेरिकेत घरोघर काडतुसे भरण्याची वाट मोकळी केली आणि इतरत्र ती पुष्कळशी अडविली.

काडतुसात सर्वांत महाग वस्तू म्हणजे पितळेची पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी वाया जाते, पुंगळी मात्र उरते, आणि ती फेकून द्यावी हे १८७० च्या दशकात पश्चिमेच्या माळावर गवे मारणाऱ्या शिकाऱ्यांना परवडणारे नव्हते. शिसे आणि दारू घाऊक घेऊन, रात्री शेकोटीशेजारी बसून ते दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरीत. उघड्या दारूशेजारी शेकोटी! अमात्यांच्या हवालदाराने हे पाहिले असते तर त्याला भोवळ आली असती. १८७३ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेल्या रायफलीच्या काडतुसाचे नावच '४५-७०' असे होते, त्यातील ७० हा आकडा काळ्या दारूच्या ग्रेनांचा. आणि पुंगळीचा आकार असा की तेवढी दारू घातली म्हणजे गोळी बसण्यापुरतीच जागा उरावी. पुंगळी हेच माप होते. चुकून दुप्पट दारू घालावी म्हटले तरी ती आत मावणे शक्य नव्हते, आणि हे संरक्षण इतके आपोआप लाभले होते की ते संरक्षण आहे याची कोणास जाणीवही नव्हती.

१८८४ साली न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी 'आयडियल' नावाने सांडशीसारखे एक हत्यार विकावयास काढले. टोपी काढणे, नवी बसविणे, पुंगळीचे तोंड सारखे करणे आणि गोळी दाबून बसविणे ही सारी कामे खिशात मावणाऱ्या त्या एका हत्याराने होत, आणि त्यासोबत निघणाऱ्या पुस्तिकांनी अमेरिकेच्या दोन पिढ्यांना ही विद्या शिकविली. त्याच साली पॅरिसमध्ये पॉल व्हिएय् या रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजला लुकणासारखे मऊ करून, लाटून, कापून निर्धूम दारू तयार केली. एकाच वर्षी घडलेल्या या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता. पुढे दहा-बारा वर्षांनी तो आला.

निर्धूम दारू उघड्यावर पेटविली तर ती काळ्या दारूसारखी भपकन उडत नाही, पिवळ्या ज्योतीने सावकाश जळून जाते, आणि तिचे हे सौम्य रूप पाहूनच अनेकांची फसगत झाली. बंदिस्त जागेत तिचा गुण पालटतो: दाब जितका वाढतो तितकी ती अधिक वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब वाढतो. काळ्या दारूला जेथे पुंगळी भरून लागे तेथे या दारूला तिचा थोडासा भाग पुरतो. १८९५ साली बाजारात आलेल्या '३०-३०' काडतुसाच्या नावातील दुसरा आकडा निर्धूम दारूच्या ग्रेनांचा आहे, तो ४५-७० च्या सत्तराशेजारी ठेवून पाहावा. जुन्या ऐसपैस पुंगळीच्या तळाशी ही दारू पडली की वर पुष्कळ रिकामी जागा उरते, आणि त्या जागेत दुसरा बार कोणाच्या लक्षात न येता सहज सामावतो. पुंगळीचे माप जे संरक्षण देत होते ते अशा रीतीने एकाएकी नाहीसे झाले.

गोंधळात भर पडली ती कारखानदारांच्या सद्हेतूने. लोकांची मापाची सवय मोडू नये म्हणून काही कारखान्यांनी अशी निर्धूम दारू काढली की ती काळ्या दारूच्या मापानेच भरता यावी. त्याच सुमारास दुसरीही दारू विकली जात होती, जी दाट होती आणि केवळ तोलूनच भरावयाची होती. दोहोंनाही लोक निर्धूमच म्हणत. शिवाय छर्ऱ्यांच्या काडतुसांच्या खोक्यांवर 'तीन ड्रॅम समतुल्य' अशासारखी मोहर असे. तिचा अर्थ इतकाच की या काडतुसाचा जोर तीन ड्रॅम काळ्या दारूइतका आहे. परंतु तो आकडा नव्या दारूचेच वजन समजून ज्यांनी तीन ड्रॅम दाट दारू भरली त्यांच्या बंदुकीच्या चिंध्या झाल्या, आणि काहींच्या हातांच्याही. ही माणसे अडाणी नव्हती. पुष्कळदा ती वीस-वीस वर्षे काडतुसे भरीत आलेली, गावात जाणती म्हणून ओळखली जाणारी माणसे होती. त्यांना जे येत होते त्यानेच त्यांचा घात केला. नवशिका निदान विचारतो तरी.

येथून तागडीला महत्त्व आले. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. आपल्याकडे कंपनी सरकारने तोळा ठरविला तोही १८० ग्रेनांचा, त्यामुळे एका तोळ्यात ३०-३० ची सहा काडतुसे होतात असे म्हटले म्हणजे मराठी वाचकास या व्यवहाराचे परिमाण ध्यानात येईल. जो तराजू सोनाराच्या पेढीवर शोभावा तो शिकाऱ्याच्या मेजावर आला. तो वाऱ्याच्या झुळकीनेही हलतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, ठरावीक वजन टाकून तो खरा आहे की नाही हे प्रत्येक बैठकीच्या आरंभी पडताळावे, हे नियम तेव्हापासूनचे.

नजरेच्या अंदाजाचा भरवसा किती धरावा याचा धडा मात्र काडतुसाऐवजी बंदुकीच्याच कारखान्यात मिळाला. १९१७ साली, महायुद्धाच्या घाईत, अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड रायफलींपैकी काहींची नळीमागची पोलादी चौकट बार काढताना काचेसारखी फुटली. चौकशी झाली. त्या काळच्या काही सदोष पुंगळ्या बुडाशी फाटून वायू मागे सुटत होता हे एक कारण निघाले. परंतु चौकटीने तो धक्का सोसावयास हवा होता, आणि ती सोसत नव्हती. मेजर ज्युलियन हॅचर, जे पुढे जनरल झाले आणि ज्यांनी १९४७ साली आपल्या प्रसिद्ध टिपणवहीत ही हकीकत सविस्तर छापली, ते सांगतात त्याचा मथितार्थ असा: पोलाद किती तापले हे भट्टीवरचे कसलेले कारागीर त्याच्या रंगावरून ठरवीत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी जो रंग 'बरोबर' दिसे तो ढगाळ दिवसाच्या 'बरोबर' रंगापेक्षा फॅरनहाइटच्या मोजणीने तीनशे अंशांपर्यंत अधिक उष्ण असे. ऊन पडले की पोलाद करपे. कारागिरांच्या कसबात खोट नव्हती, उजेडच दर दिवशी निराळा होता. तापमापके बसविली, पोलादाला पाणी देण्याची रीत बदलली, आणि आठ लाखांच्या आतील क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड रायफली आजही जाणते लोक भिंतीवर टांगतात, खांद्याला लावीत नाहीत.

१९२१ साली ओहायोतील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धेसाठी सरकारी कारखान्याने खास काडतुसे काढली. गोळीवरील निकेलमिश्रित तांब्याचे थर नळीत चिकटत, म्हणून गोळीला कथलाचा मुलामा दिला होता; उपाय गुणकारी ठरला. परंतु कथील आणि पुंगळीचे पितळ ही कालांतराने एकमेकांस धरून बसत, जणू डाख लावला आहे. इकडे स्पर्धकांची जुनी सवय अशी की गोळीचे टोक वंगणात बुचकळून मगच काडतूस बंदुकीत घालावे. कथलाने तोंड धरलेले, वंगणाने भोवतीची जागा अडलेली, पुंगळीला फुगावयास वाव नाही. काही बंदुका फुटल्या. वंगण लावू नका अशी ताकीद दिली गेली होती, तरी ती सर्वांनी मानली नाही. प्रत्येक गोष्ट एकेकटी निर्धोक होती; दोन निर्धोक गोष्टी एकत्र आल्या आणि अनर्थ झाला. काडतुसाचा एक घटक बदलला की सारा हिशेब नव्याने मांडावा आणि खालून आरंभ करावा, हा नियम ज्यांना अतिरेकी वाटतो त्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

दाब डोळ्यांना दिसत नाही, ही यातली खरी अडचण. बंदुकीची नळी कसोटीला लावण्याची प्रथा जुनी आहे: लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ साली कायद्याने उभे राहिले, तेथे जादा बार भरून नळी तगते की फुटते एवढेच पाहत. दाब आकड्यांत मोजण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवावा, दट्ट्यावर तांब्याची इवलीशी कांडी ठेवावी, बार काढल्यावर कांडी किती चेपली ते मोजावे आणि कोष्टकात पाहावे, अशी ती साधी युक्ती. १९२६ साली अमेरिकन कारखानदारांनी सरकारच्या सूचनेवरून आपली संस्था स्थापून दाबाच्या मर्यादा ठरवून घेतल्या, आणि ३०-०६ सारख्या काडतुसात चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरातील दाब नित्य उत्पन्न होतो हे सामान्य छंदी माणसालाही छापील रूपात कळू लागले. १९३७ साली फिलिप शार्प यांचा काडतूस-भरणीवरील बृहद्ग्रंथ निघाला. त्यानंतर 'माझ्या आजोबांचा बार' या प्रमाणाला काही अर्थ उरला नाही, निदान उरावयास नको होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससमधील गृहस्थांनी सरकारजवळ पडून असलेली लष्करी दारू हजारो पौंडांनी विकत घेतली, कुरणात उभ्या केलेल्या रेल्वेच्या एका जुन्या डब्यात साठविली आणि स्वस्तात विकली. या दारूने छंदाला भरती आणली. तिच्यापैकी एक प्रकार, जो मूळ विमानवेधी तोफेच्या काडतुसांचा, ४८३१ या क्रमांकाने प्रसिद्धीस आला. पुढे १९७३ मध्ये दुसऱ्या कारखान्याने त्याच क्रमांकाची नवी दारू काढली, जी अधिक वेगाने जळणारी होती. क्रमांक एक, दारू दोन, आणि एकीचा तक्ता दुसरीला लावणाऱ्याचे दैव बलवत्तर असेल तरच धडगत. कारकुनी दृष्टीने पाहता डब्यावरचे पूर्ण नाव वाचावे यापलीकडे यात शिकण्यासारखे काही नाही; परंतु किती अपघात निव्वळ अर्धवट वाचण्याने होतात!

या साऱ्या अनुभवातून मेजावरची जी शिस्त रूढ झाली ती बाहेरून पाहणाऱ्यास कंटाळवाणी वाटेल. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपताच उरलेली दारू त्याच डब्यात परत, आणि संशय आला की ती कोणत्याच डब्यात नव्हे. दिवा विजेचा, ज्योत नाही, विडी-सिगारेट नाही, गप्पा नाहीत. छिद्रे पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या करतात, दारू भरून झाली की गोळी बसविण्यापूर्वी दिवा तिरपा धरून प्रत्येक पुंगळीत वाकून पाहतात. एकीत दारू इतरांहून वर दिसली अथवा तळ कोरडा दिसला तर तेथेच थांबतात. रिकाम्या पुंगळीचे भय दुप्पट भरलेलीहून कमी नाही, कारण नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. तक्त्यातील कमाल आकड्याच्या सुमारे एक-दशांश खालून आरंभ करून टप्प्याटप्प्याने वर जावे. पण तक्त्याने दिलेल्या आरंभाच्याही खाली स्वतःच्या मताने उतरू नये, कारण मोठ्या पुंगळीत मंद दारू फार थोडी घातली असताही बंदुका फुटल्याचे दाखले आहेत. 'कमी तितके बरे' ही आपली सनातन समजूत येथे चालत नाही. बार काढल्यावर टोपी चपटी झाली काय, खटका जड उघडतो काय, ही लक्षणे पाहावी, परंतु त्यांच्यावर विसंबू नये. ती दिसू लागेतो मर्यादा बहुधा मागे पडलेली असते, आणि टोपीच्या चेहऱ्यावरून दाब ओळखणारा पंडित त्या भट्टीवरच्या कारागिराचाच वारस होय.

साठवणीच्या बाबतीत तर अमात्यांचा हवालदार आणि हा आधुनिक छंदी यांची काही अंशी भेटच होते. कोरडी, थंड, कुलूपबंद जागा, मुलांचा वावर नाही, मूळ वेष्टनावरची मोहर शाबूत, हे दोघांनाही मान्य. टोप्या मूळ खोक्यातूनच वापराव्या, बरणीत ओतून ठेवू नयेत, कारण खोक्यात त्या एकमेकींपासून अलग बसतात आणि बरणीत एक उडाली की साऱ्या उडतात. फरक पडतो तो भिंतीपाशी. गडावर तळघर आणि पक्के बांधकाम; निर्धूम दारू मात्र भक्कम पोलादी तिजोरीत कधी ठेवू नये, साध्या लाकडी कपाटात ठेवावी, म्हणजे आग लागलीच तर कपाट लौकर मोकळे होईल आणि दारू कोंडून न जाता जळून जाईल.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही, याला कायदा कारण आहे आणि थोडे तंत्रही. १८७८ च्या आणि पुढे १९५९ च्या शस्त्रकायद्याखाली दारूगोळा बनविण्यास परवाना लागतो. १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या कारखान्यातून जी ३०३ ची काडतुसे निघाली ती लष्करी धाटणीची, बुडाला बर्डनची दोन छिद्रे असलेली. आणि त्यांतली कॉर्डाइट दारू शेवयांसारख्या कांड्यांच्या जुडीची, जी पुंगळीची मान आवळण्यापूर्वीच आत घालीत. असे काडतूस घरी पुन्हा भरणे जवळजवळ अशक्यच.

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरण्यास संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरावयाची असली तर १९६८ च्या कायद्यानुसार लागतो. त्यामुळे घरातल्या मेजावर सरकारचा कोणी हवालदार येत नाही, आणि त्याचे काम वहीवर येऊन पडते: प्रत्येक खोक्यावर तारीख, दारूचे पूर्ण नाव, वजन, टोपी, गोळी आणि कोणत्या बंदुकीसाठी याची नोंद. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये आणि आपले दुसऱ्यास देऊ नये, हा त्यांचा कडक संकेत आहे. एखादा जुना छंदी वारला आणि त्याच्या कपाटात बिननोंदीची काडतुसे निघाली, तर जाणते मित्र ती एकेक करून सोडवतात. पितळ आणि गोळ्या ठेवून घेतात, आणि ओळख न पटलेली दारू, तिच्यात नायट्रोजन असतोच म्हणून, पुष्कळजण गुलाबाच्या वाफ्यात विरळ पसरून टाकतात.